शहिदाला आंघोळ नसते

नजीबाने नवऱ्याच्या हातातली बंदूक नखाने खरवडायला घेतली.

खळ अजून ओली होती, पण कागद चिवट. नळीचं टोक निघालं, दस्ता अर्धा निघाला, आणि त्याच्याबरोबर सुबहीची दोन बोटंही सोलून आली. तेव्हा ती थांबली. आत जाऊन त्याची रजई शिवायची दाभण घेऊन आली आणि टोकाटोकाने उचकटू लागली. पोस्टर पहाटे कधीतरी तिच्याच दारावर चिकटवून गेले होते. चेहरा भाचीच्या लग्नातल्या फोटोतला होता, किंचित ओशाळलेला, कारण त्या दिवशी त्याची नवी कवळी सैल होती. त्या चेहऱ्याखाली कुणा भलत्याचंच धिप्पाड धड, छातीवर काडतुसांचा पट्टा, मागे ज्वाळा. वर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: ‘डोंगराच्या गोळीने नेलेला आमचा सिंह.’

सिंह! झुरळ दिसलं की पाय वर घेऊन खुर्चीत बसणारा माणूस. कोंबडी कापायची वेळ आली की हा गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहायचा, आणि रश्शाचा वास सुटला की परत यायचा.

“अगं, दाढीपण लावलीय की त्याला.” शेजारच्या उम्म फवाजने कॉफीचं तबक कडेवर घेतल्यासारखं धरलं होतं. फवाज तिचा थोरला; त्याच्या नावाने ‘फवाजची आई’ होऊन तिला इतकी वर्षं झाली होती, की स्वतःचं नाव तीही विसरली असेल. “जन्मभर रोज घोटून दाढी करणारा माणूस. मेल्यावर एका रात्रीत वाढली बघ. चमत्कार म्हणायचा!”

“साबणाचं गरम पाणी दे. निघत नाहीये.”

“राहू दे गं. खाटकाच्या दुकानापासून मशिदीपर्यंत ओळीने लावलेत. कुठं कुठं खरवडशील?”

नजीबाने मागे वळून पाहिलं. खरंच होतं. त्रिपोलीच्या या खालच्या वस्तीत भिंतीला रंग म्हणून उरला नव्हता, मेलेल्या माणसांचे चेहरेच होते, एकावर एक चिकटवलेले. आज सगळ्यांत वर तिचा नवरा होता. मयत आतल्या खोलीत, बर्फाच्या लादीशेजारी, अजून कालच्याच सदऱ्यात. आणि त्याचं पोस्टर छापून, वाळून, बाजारभर लागलंसुद्धा.

काल दुपारी बेकसाहेब टीव्हीवर बोलले होते. बेकसाहेब राहायचे बैरूतला, समुद्राकाठी. वस्तीत यायचे निवडणुकीला. पण ते पडद्यावर दिसले, की इथल्या गच्च्यांवर पोरं चढायची आणि आभाळात बंदुका रिकाम्या करायची. तो मानच होता त्यांचा. तसा मान सगळ्यांनाच मिळायचा. कुणी हज करून आला, धडाड धडाड. कुणाचं पोर दहावीला पास झालं, धडाड धडाड. लग्नाला तेच, मयतीला तेच. आभाळ म्हणजे काही भिंत नव्हे, त्याला भोक पडत नाही. वर गेलेली गोळी वरच राहते, फार तर अल्लाह ती झेलून खिशात टाकतो, असा सगळ्या वस्तीचा पिढीजात समज होता.

सुबही अंगणात नारिंगाच्या झाडाखाली रजई शिवत बसला होता. बापजाद्यांपासून पिंजाऱ्याचं घर. लोकर पिंजायची, गाद्या भरायच्या, नवरीच्या रजया शिवायच्या. कानांच्या पाळ्यांत कायम लोकरीचे तंतू. बेकसाहेबांच्या नावाने आभाळ फाटत होतं, म्हणून त्याने रेडिओचा आवाज जरा मोठा केला. मग एकदम खांद्याला हात लावला.

“नारिंग पडलं वाटतं,” तो म्हणाला. वर झाडाकडे पाहिलं, जरा रागानेच. नारिंगं हिरवी होती, पडायच्या बेताची नव्हती. मग तो रजईवर हळूच कलंडला. शिवताना डुलकी लागली की कलंडायचा तसा. नजीबाच्या हातातल्या कपातली कॉफी तेव्हा अजून वाफाळत होती.

त्या अंगणाला चारी बाजूंनी भिंती होत्या. समोरच्या डोंगरावरच्या अलवी पंथाच्या लोकांशी जुनं वैर, तिकडून गोळ्या येतात म्हणून सुबहीने स्वतःच त्या दीड मजला उंच करून घेतल्या होत्या. अंगणातून डोंगर दिसत नव्हता, रस्ता दिसत नव्हता. दिसायचं ते फक्त वरचं चौकोनी आभाळ. वस्तीतल्या प्रत्येक बाईने लेकीची रजई सांगायला त्या अंगणात कॉफी प्यायली होती. सगळ्यांना ठाऊक होतं.

“आले,” उम्म फवाज पुटपुटली आणि तबक घेऊन आत सटकली.

पुढे अबू सख्र, मागे शेख मुनीब. अबू सख्र म्हणजे ‘खडकाचा बाप’. मुलगा नव्हता, म्हणून त्याने खडक दत्तक घेतला होता. नजीबाला त्याचं खरं नाव माहीत होतं. तो नाएफ होता, पलीकडच्या गल्लीतला, जो स्कूटरी चोरायचा आणि चोरलेल्या स्कूटरीवरूनच अरकची बाटली आणायला जायचा. मग बेकसाहेबांनी त्याला हाताशी धरलं, त्याने बाटली सोडली, दाढी सोडली, आणि आता त्याच्या मागे चाळीस पोरं होती, ज्यांना त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी काम दिलं नव्हतं. त्या चाळिसांत तिचा एकुलता एक ताहेरही होता.

अबू सख्रच्या अंगाला ऊदाच्या अत्तराचा दर्प होता, इतका की आतल्या खोलीतून येणारा वासही दबला. तो खाटल्यावर बसला. मयतीच्या माणसांसाठी ठेवलेला खजूर त्याने पुढे ओढला.

“वहिनी, रडायचं नाही. शहिदाच्या घरी रडत नाहीत.”

“मी रडतेय का?” नजीबा म्हणाली. “मी मयतीला आंघोळ घालणाऱ्या हाजींची वाट बघतेय. सकाळी येतो म्हणाले होते.”

“मीच सांगितलं त्यांना नका येऊ म्हणून.” त्याने बी तोंडातून काढून तिच्या बशीत ठेवली. ओली, चोखून पांढरी पडलेली. “शहिदाला आंघोळ नसते. कफन नसतं. ज्या कपड्यांत पडला त्याच कपड्यांत, रक्तानिशी. तोच त्याचा दागिना. शेखसाहेब, सांगा ना वहिनींना.”

शेख मुनीब चटईच्या कडेकडे पाहत होते. मशिदीतला जनरेटर बेकसाहेबांचा. उन्हाळ्यात बसवलेला.

“असं आहे खरं,” ते म्हणाले. “मैदानात पडलेल्याला…”

“कुठलं मैदान, शेखसाहेब?” नजीबाने दाराकडे हात केला. “ते अंगण? त्या नारिंगाखाली लढाई चालली होती का? यांच्या हातात दाभण होती. गादीवाल्याची दाभण. शत्रू कोण, लोकर?”

शेख खोकले.

“गोळी डोंगरावरून आली,” अबू सख्र म्हणाला. त्याने दुसरा खजूर उचलला.

“डोंगरावरून निघून, आमची भिंत चढून, मग काटकोनात खाली वळली. शहाणी म्हणायची गोळी.”

आतून उम्म फवाजच्या खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. अबू सख्रने मात्र आवाज चढवला नाही. तो उठला, अंगणात गेला, आणि काल सुबही जिच्यावर कलंडला होता ती अर्धी शिवलेली लाल सॅटिनची रजई उचलून आणली. तिच्यावर मधोमध काळपट डाग वाळला होता.

“ही पुढे धरणार आम्ही. मिरवणुकीच्या पुढे, झेंड्यासारखी. लोकांना रक्त दिसलं पाहिजे.”

नजीबा त्या डागाकडे पाहत राहिली. मग तिच्या गालाची एक बाजू हलली.

“धर की. पण नाएफ, ती डोंगरावरच्या गदीरच्या भाचीची रजई आहे. अलव्यांच्या नवरीची. पुढच्या महिन्यात लग्न आहे पोरीचं. चोरून शिवत होते हे. थंडी म्हणे दोन्हीकडे वाजते, डोंगरावर जरा जास्तच, म्हणून तिकडचं गिऱ्हाईक सोडता येत नाही.”

अबू सख्रच्या हातून रजई निसटली. पाल अंगावर पडल्यासारखे त्याने दोन्ही तळवे पँटला पुसले. त्यानंतर त्याने शेखसाहेबांना बाहेर थांबायला सांगितलं नाही, पण शेखसाहेब आपणहूनच दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

“नीट ऐका, वहिनी.” आता तो तिच्याजवळ येऊन बोलत होता. अत्तर, खजूर आणि त्यामागे तोंडाचा वास. “काल गच्चीवर आमचीच पोरं होती. खोटं नाही बोलत. ताहेरही होता. त्यानेही मॅगझिन रिकामं केलं. गोळीवर कुणाचं नाव नसतं. आंघोळ घातलीत, म्हणजे शहीद नाही. शहीद नाही, म्हणजे गोळी आमची. आमची, म्हणजे कुणाची? सगळी वस्ती गच्चीवरच्या एकेका पोराचं तोंड बघणार. तुमच्या पोराचं सगळ्यांत आधी. बापाला मारलं म्हणतील. मी त्याला वाचवतोय. डोंगराची गोळी म्हटलं, की सगळे सुटले.”

“आणि मग?”

“मग काय? रक्ताला उत्तर द्यावंच लागतं. आज दफन झालं की संध्याकाळी सुरू. पहिली गोळी ताहेर झाडेल, शहिदाचा मुलगा म्हणून. अगदी पुढच्या आघाडीवर, शाळेच्या कोपऱ्याला. मान त्याचा आहे तो.”

शाळेचा कोपरा. त्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर सगळ्यांत जास्त चेहरे होते.

“बेकसाहेबांना वर्षभर काही विचारलं नाही कुणी,” नजीबा म्हणाली. “काल एकदम टीव्हीवर आले. आज तुला मयत मिळाली. निवडणूक कधी आहे रे?”

तो हसला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो ओळखीचं हसला, घरातल्या शहाण्या बाईकडे बघून हसावं तसं. 

“दुपारी जोहरच्या नमाजाला न्यायला येतो,” तो म्हणाला. “तयार ठेवा. म्हणजे, तसंच ठेवा.”

तो बाहेर पडल्यावर नजीबाने चपला घालणाऱ्या शेखांना गाठलं.

“बायकोला नवऱ्याची मयत धुवायचा हक्क आहे ना, शेखसाहेब? तेवढं तरी सांगा.”

शेख मुनीबांनी आधी अबू सख्रची पाठ गल्लीत वळेपर्यंत वाट पाहिली. मग मान हलवली. होकाराची, बारीकशी, दाढीच्या आतल्या आत. आणि घाईने निघून गेले.

नजीबाला आलेली शिसारी अबू सख्रपेक्षा या मानेची जास्त होती. चोर चोरच असतो. पण हा सगळं जाणत होता.

आत येऊन तिने बशीतल्या बिया केरात टाकल्या आणि बशीही टाकली.

“बशी कशाला टाकलीस?” उम्म फवाज म्हणाली. “सेटमधली होती.”

“तू बाहेर बस. बायका आल्या तर कॉफी दे. कुणाला आत सोडू नकोस.”

उम्म फवाजने तिच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरची ओढणी कमरेला खोचली. “कडू करू की अगदीच कडू?” एवढंच विचारून ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. दार आडवून बसलेल्या उम्म फवाजला ओलांडायला रणगाडा लागला असता.

नजीबाने पसरट घंगाळ ओढलं. नळाचं पाणी बर्फासारखं होतं, जनरेटर बंद, गिझर बंद. ऑलिव्हच्या साबणाची नवी वडी काढली. बोरीच्या पानांची पूड होती, कापूर होता. मामेभावाने मक्केहून आणलेलं कफन कपाटात वरच ठेवलेलं होतं. सुबहीने एकदा त्याच्या विणीकडे बघून नाक मुरडलं होतं, ‘यापेक्षा चांगलं सूत आपल्या बाजारात मिळतं’ म्हणून.

तिने सदरा कात्रीने कापला. वाळलेलं रक्त कापडाला धरून बसलं होतं. ओलं करत, सोडवत ती हळूहळू पुढे सरकली. त्याच्या कानातला लोकरीचा तंतू दिसला. तो चिमटीत धरून काढला आणि कुठे टाकावा ते न कळून ओढणीच्या गाठीत बांधला.

मागचं दार वाजलं.

ती उठली नाही. मागच्या दाराने फक्त ताहेर यायचा, आणि रात्रभर तो घरात आला नव्हता. अबू सख्रच्या पोरांत होता. त्यांनी पाठवला असेल, आईला आवर म्हणून.

“कडी लावलीय,” ती म्हणाली. “जाऊन सांग त्यांना, आई ऐकत नाही.”

 मग त्याचा आवाज आला, बसलेला.

“आई, पाणी तापवून आणलंय. फवाजच्या घरच्या शेगडीवर. बाबांना गार पाणी सोसत नाही.”

नजीबाने कडी काढली. ताहेरच्या दोन्ही हातांत वाफाळणाऱ्या किटल्या होत्या. खांद्यावर बंदूक नव्हती. डोळे चिंचेसारखे लाल. त्याने आत पाऊल टाकलं आणि बापाकडे न बघता किटल्या खाली ठेवल्या.

“तुला कळतंय ना, आंघोळ घातली तर काय होईल ते?” तिने विचारलं.

“मला रात्रभर तेच सांगत होते.”

 तिने पाण्यात हात घालून पाहिला, गार मिसळलं, पुन्हा पाहिला. लहानपणी त्याच्यासाठी पाहायची तसा.

“मी चोळते. तू पाणी घाल. उजव्या बाजूने सुरुवात करायची.”

त्याने तांब्या भरला. पाणी उजव्या खांद्यावरून ओघळलं, आणि खळीसारखं चिकटलेलं काळं रक्त सुटून खाली भोक उघडं पडलं. मानेच्या मुळाशी, खांद्याच्या हाडामागे, वर आभाळाकडे तोंड करून. करंगळीएवढं. बाहेर पडल्याची खूण कुठेच नव्हती. गोळी वरून शिरली होती आणि खाली खाली जात आतच राहिली होती, विहिरीत दगड टाकावा तशी.

ताहेरच्या हातातला तांब्या कलला. पाणी सुबहीच्या तोंडावर सांडलं.

“हात स्थिर धर,” नजीबा म्हणाली. “डोळ्यांत जाईल त्यांच्या.”

ताहेर त्या भोकाकडे पाहत होता.

“माझी असेल का, आई?”

नजीबाने साबण फिरवला. मान, कान, कानामागे. पंचवीस वर्षं ज्या मानेला लोकर चिकटायची ती मान. फेस आधी गुलाबी आला, मग पांढरा.

“उजवा हात उचलून धर,” ती म्हणाली. “काखेत नीट पोचलं पाहिजे पाणी. त्याबाबत ते फार काटेकोर होते.”

त्याने हात उचलून धरला. आधी बोरीच्या पुडीचं पाणी, मग कापराचं, मग साधं. मधे एकदा त्याचं नाक वाहायला लागलं, तेव्हा तिने ओल्या हाताच्या मनगटानेच ते पुसलं. बाहेर उम्म फवाज कुणाला तरी सांगत होती, “आत कुराण वाचतायत. नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही, मामी. तुम्ही कॉफी घ्या, कडू आहे, तुम्हाला आवडेल.”

कफन गुंडाळताना ताहेरने गाठ मारली. पिंजाऱ्याची गाठ, बापाने शिकवलेली, न सुटणारी.

जोहरची बांग झाली आणि लाउडस्पीकरवर अबू सख्र सुरू झाला. रक्ताबद्दल, सिंहाबद्दल, डोंगरावरच्या काफिरांबद्दल. गल्लीत माणूस मावत नव्हता. गच्च्यांवर पोरं उभी होती. “रक्तानिशी!” तो म्हणत होता. “कपड्यांनिशी! तुमच्या डोळ्यांनी बघा, आमचा भाऊ कसा…”

नजीबाने दार उघडलं.

पांढरं कफन उन्हात बाहेर आलं. कापराचा वास गल्लीत पसरला. मयत ठेवलेल्या ताबूताच्या फळ्यांतून पाण्याचे थेंब धुळीत टपटपत होते.  धुतलेली मयत आणि न धुतलेली मयत या गल्लीतलं पोरही ओळखत होतं. पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी खाली बघितलं. कुणीतरी ‘लाहौल’ म्हणून अल्लाहला आठवलं. लाउडस्पीकर नुसताच खरखरत राहिला.

मग अबू सख्रला सुचलं. हुशारच होता तो. त्याने शेजारच्या पोराच्या हातातली बंदूक काढून घेतली, गर्दीतून वाट काढत आला आणि ती ताहेरपुढे धरली.

“वर कर,” तो दात आवळून म्हणाला. “एकदाच. सगळे बघतायत. बापाला सलामी दे.”

ताहेरचा एक खांदा ताबूताखाली होता. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. त्याने बंदुकीकडे पाहिलं, मग सावकाश वर, गच्च्यांकडे, तिथल्या आपल्या मित्रांकडे, त्यांच्याही वर.

“माझे हात ओले आहेत,” तो म्हणाला.

आणि चालायला लागला. माणसं आपोआप बाजूला झाली. अबू सख्र बंदूक तशीच पुढे धरून उभा राहिला, गिऱ्हाईक निघून गेलेल्या फेरीवाल्यासारखा.

बायका कबरस्तानात जात नाहीत. नजीबा अंगणात परतली. उम्म फवाज मागोमाग आली, रिकाम्या कपांचं तबक घेऊन. नारिंगाखाली, तिने परत नेऊन ठेवलेली लाल रजई तशीच पडली होती. घंगाळ कलंडून ठेवलेलं होतं.

“आता काय होईल गं?” उम्म फवाज म्हणाली. “सोडतील त्याला?”

नजीबा उत्तर देणार तोच मशिदीच्या बाजूने एक बार झाला. मग दुसरा. मग सगळ्या गच्च्या मिळून, रोजच्यासारख्या. सलामी. डोंगरावर नव्हे, अजून तरी नव्हे. नुसती वर, आभाळात, गोळीने मेलेल्या पिंजाऱ्याच्या मानासाठी.

नजीबा झाडाखाली उभीच राहिली. तोंडात कडू पाणी आलं होतं, ते तिने गिळलं नाही, भिंतीच्या कडेला जाऊन थुंकली.

“अगं ये, आत ये!” उम्म फवाज ओरडली. ती येत नाही असं बघून तिने तबक खाली टाकलं, घंगाळ दोन्ही हातांनी उचललं, धावत आली आणि ते दोघींच्या डोक्यांवर पालथं धरलं. शिव्या देत होती, बेकसाहेबांना, त्यांच्या आईला, गच्चीवरच्या एकेका पोराला नावानिशी. ताहेर सोडून सगळ्यांना.

घंगाळाच्या काठात उरलेलं पाणी नजीबाच्या मानेवरून पाठीत उतरलं. अजून कोमट होतं.